पाटीवर नाव, नकाशावर सही

कऱ्हाड किंवा बार्शीसारख्या गावात आर्किटेक्टचं ऑफिस म्हणजे बहुधा दोन खोल्या, तीन-चार कॉम्प्युटर, एक मुरलेला ड्राफ्ट्समन आणि एका सत्रापुरती आलेली इंटर्न. बंगला, दवाखाना, शाळेच्या वाढीव वर्गखोल्या, मिळेल ते काम इथे होतं. दिवस मात्र रेखाटण्यात सरत नाही. सातबारा, मोजणीचा नकाशा, झोन दाखला आणि नगरपालिकेने काढलेल्या त्रुटी यांतच तो संपतो.

या माणसाला कायद्याने नेमकं काय दिलं आहे? 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्याच्या 37 व्या कलमानुसार, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. पण संरक्षण उपाधीला आहे, कामाला नाही. नोएडा प्राधिकरणातल्या पदनामांवरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये हे स्पष्ट केलं. इमारतीचा आराखडा इतरांनीही करावा, फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ नये. महाराष्ट्रात परवानाधारक अभियंत्यालाही नकाशे दाखल करता येतात. त्यामुळे लहान गावातलं गिऱ्हाईक आधी विचारतं, ‘सहीचे किती घेता?’ डिझाइनचे पैसे वेगळे असतात, हे त्याच्या गावीही नसतं.

बरं, जाहिरात करून ते समजवावं, तर तीही सोय नाही. कौन्सिलच्या 1989 च्या आचारनियमांत व्यावसायिक सेवेची जाहिरात करण्यास मनाई आहे, आणि फी कमी करून दुसऱ्या आर्किटेक्टशी स्पर्धा करू नये, अशीही अपेक्षा आहे. मोठ्या ऑफिसांना पुरस्कार आणि मासिकांतली छायाचित्रं पुरतात. लहान ऑफिस चालतं ते आधीच्या घरमालकाच्या तोंडी शिफारशीवर.

डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं वगळून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. गावागणिक वेगळे नियम पाठ करण्याचा जाच तिने कमी केला, हे मान्य करायला हवं. बाल्कनी, जिना, भिंती सगळं आता एफएसआयमध्ये मोजलं जातं, आणि त्या बदल्यात निवासी इमारतीला 60 टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय प्रीमियम भरून मिळतो. सुमारे 1500 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती दिली की बांधकाम सुरू करता येतं. 3000 फुटांपर्यंत दहा दिवसांत परवानगी, असं सूत्र आहे. घरमालकाला हे सोपं वाटतं. पण तपासणीचा भार हलका झाला, तो कुठे गेला? नकाशा नियमात बसतो असं लिहून देणाऱ्याच्या डोक्यावर. सामासिक अंतर अर्ध्या मीटरने चुकलं, तर जाब त्यालाच द्यावा लागतो. ‘महारेरा’खाली येणाऱ्या प्रकल्पात तर काम किती झालं याचा त्याचा दाखला जोडल्याशिवाय बिल्डरला प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यातून पैसे काढता येत नाहीत.

एवढी जबाबदारी पेलायला कॉलेज किती तयार करतं? पदवी पाच वर्षांची. त्यात एक सत्र प्रत्यक्ष ऑफिसात, आणि शेवटाकडे ‘प्रोफेशनल प्रॅक्टिस’ नावाचा विषय. करार कसा करावा, फी टप्प्याटप्प्याने कशी मागावी, त्रुटीपत्राला उत्तर काय द्यावं, हे त्यात तोंडओळखीपुरतं येतं. ब्रिटनमध्ये नोंदणीआधी किमान दोन वर्षांचा अनुभव आणि वेगळी परीक्षा ही प्रदीर्घ काळाची रीत. आपल्याकडे पदवी मिळाली की नोंदणी होते आणि त्या दिवसापासून सही चालते. हे धाडस आहे, आणि त्याची किंमत पहिल्या काही गिऱ्हाइकांना मोजावी लागते. पदवीनंतर दोन वर्षं अनुभवी ऑफिसात काढण्याची अट आपल्याकडेही हवी, मात्र पगारासह. फुकट राबवून घेण्याची जुनी खोड त्यातून वाढता कामा नये.

घर बांधायला निघालेल्यांनी तोवर दोन गोष्टी कराव्यात. समोरच्याचा ‘सीए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक विचारून तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळावा. आणि फी, टप्पे, साइटवर किती वेळा येणार, भोगवटा प्रमाणपत्रापर्यंतचं काम त्यात धरलं आहे का, हे सगळं पहिली रेघ ओढण्याआधी लेखी करून घ्यावं.