विमानात मोबाइल : धोका लहरींचा की बॅटरीचा?

विमान सुटण्याआधी कर्मचारी सांगतात, "मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा." उमऱ्याला पहिल्यांदाच निघालेल्या दादी-नानींना ते ऐकून धास्ती वाटते. आपल्या फोनमुळे विमानाला काही होणार तर नाही ना?

घाबरू नका. मोबाइलच्या लहरींमुळे प्रवासी विमान कोसळल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. मात्र टॉवर शोधताना फोन जास्त जोराने लहरी सोडतो आणि वैमानिकाच्या हेडफोनमध्ये खरखर येऊ शकते. उतरताना नियंत्रण कक्षाची एखादी सूचना हुकू नये, म्हणून ही खबरदारी. फ्लाइट मोडवरचा फोन उड्डाणापासून उतरेपर्यंत वापरायला अमेरिकेने २०१३ मध्ये आणि भारताने २०१४ मध्ये परवानगी दिली.

खरी काळजी आहे ती आगीची. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक या सर्वांत लिथियम बॅटरी असते. ती चेपली किंवा आतून शॉर्ट झाली की तापतच जाते आणि पेट घेते. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात सामानाच्या वरच्या कप्प्यातून आग लागली. सर्व १७६ जण बाहेर पडले, पण विमान जळाले. पॉवर बँकेतील बिघाड हे संभाव्य कारण असल्याचे तपासात पुढे आले.

म्हणून सामान बांधताना एवढे पाहा :

• पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच नको. खालच्या कप्प्यातील आगीपर्यंत कोणी पोहोचू शकत नाही. केबिनमध्ये ती लगेच दिसते.

• मर्यादा साधारण १०० वॅट-अवर. पॉवर बँकेवर फक्त एमएएच लिहिले असेल तर त्याला ३.७ ने गुणून १००० ने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर.

• दुबईमार्गे जेद्दाहला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : एमिरेट्सच्या विमानात १ ऑक्टोबर २०२५ पासून एकच पॉवर बँक नेता येते आणि तीही प्रवासात वापरता येत नाही.

• फुगलेली बॅटरी घरीच ठेवा.

• फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. सीटखाली चेपलेला फोन पेटू शकतो.

पासपोर्ट, औषधे, एहराम आपण दोनदा तपासतो. तिसऱ्यांदा बॅग उघडून पॉवर बँक कुठे ठेवली आहे, तेही पाहून घ्या.