मागासपणाची सवलत कोणाला?

आमचे राज्य उद्योगधंद्यासाठी सर्वांत अनुकूल आहे, असे प्रत्येक राज्याचे सरकार सांगत असते. महाराष्ट्र त्याला अपवाद नाही. २०१३ मध्ये नागपूरला ‘अ‍ॅडव्हांटेज विदर्भ’ ही परिषद भरली. २०१६ मध्ये मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताह झाला आणि २०१८ मध्ये ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ झाले. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे १५ लाख कोटी रुपयांहून अधिक गुंतवणुकीचे सामंजस्य करार झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यात गडचिरोलीचे नाव ठळक होते.

मी गोंडपिपरीच्या महाविद्यालयात शिकवतो. येथून आष्टीच्या बाजूने गेले की वैनगंगेचा पूल लागतो आणि पुलापलीकडे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरीचा लोखंडाचा कारखाना हे माझ्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या बोलण्यातले विषय आहेत. कारखान्यात लागेल का, हा त्यांचा प्रश्न पोटाचा आहे. त्याची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु राज्य ‘अनुकूल’ होते म्हणजे नेमके काय होते, ही अनुकूलता कोणाच्या पैशातून तयार होते आणि तिचे लाभ कोणाच्या पदरात पडतात, हे आपण समजून घेतले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सामंजस्य करार म्हणजे कारखाना नव्हे. तो इराद्याचा कागद असतो. त्यातील गुंतवणुकीचा आणि रोजगाराचा आकडा पुरा झाला नाही, तर एरवी कोणाला दंड होत नाही. म्हणून परिषदेतील आकड्यांवर आनंदित किंवा संतप्त होण्यात अर्थ नाही. खरा व्यवहार त्यानंतर सुरू होतो. तो म्हणजे सवलतींचा व्यवहार.

महाराष्ट्रात या व्यवहाराला १९६४ पासूनचा इतिहास आहे. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात उद्योगांची गर्दी झाली होती. ते मागास भागांत जावेत म्हणून त्या वर्षी सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. त्याआधी १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालेच होते. १९६४ ची योजना पुढे अनेक वेळा सुधारली गेली. १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३, २०१९ अशा तिच्या आवृत्त्या आहेत. तिचे मूळ सूत्र मात्र बदललेले नाही. तालुक्यांचे विकासाप्रमाणे वर्ग पाडायचे: अ, ब, क, ड आणि ड अधिक. त्याखाली ‘विनाउद्योग जिल्हा’ आणि ‘नक्षलग्रस्त क्षेत्र’. वर्ग जितका खालचा, तितकी कारखान्याला मिळणारी सवलत मोठी.

ही सवलत कशी मिळते? पूर्वी विक्रीकरात सूट किंवा तो उशिरा भरण्याची मुभा असे. वस्तू व सेवा कर आल्यानंतर राज्याच्या वाट्याच्या कराचा परतावा दिला जातो. विद्युत शुल्क माफ होते, मुद्रांक शुल्क माफ होते. काही उद्योगांना कर्जाच्या व्याजावर आणि विजेच्या दरावरही अनुदान मिळते. कारखान्याने जितके भांडवल घातले, त्याच्या ठराविक टक्क्यांपर्यंत हे सारे ठराविक वर्षे चालते. पात्रता प्रमाणपत्र मिळाले की झाले. परतावा म्हणजे सरकारी तिजोरीत आलेला पैसा परत करणे होय, आणि त्याच तिजोरीतून वसतिगृह, शिष्यवृत्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र चालते. तेव्हा सवलत ही कोणाची देणगी नसून ती सार्वजनिक पैशाची गुंतवणूक आहे.

या ठिकाणी मूळ मुद्दा येतो. मागासलेपणाच्या आधारे सवलत देण्याच्या दोन पद्धती आपल्या राज्यात आहेत. एक आरक्षणाची. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माणसांना मागे ठेवले, त्या माणसांना ती मिळते. दुसरी प्रोत्साहन योजनेची. येथे मागास असतो तालुका आणि सवलत मिळते कारखान्याच्या मालकाला. तालुका मागास का राहिला? येथील माणूस भूमिहीन आहे, शिक्षणापासून दूर आहे, धानाच्या रोवणीवर आणि तेंदूपत्त्याच्या हंगामावर जगतो, म्हणून. त्याच्या दारिद्र्याची नोंद सरकार करते आणि त्या नोंदीवर सवलत उचलतो तो, ज्याच्याकडे भांडवल आहे.

पहिल्या सवलतीबद्दल प्रस्थापित समाज रोज गुणवत्तेचा प्रश्न विचारतो. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. ती पदवी मी कशी मिळवली, याबद्दल मला आडून-आडून विचारणारे सहकारी अजून भेटतात. परंतु कोट्यवधींच्या परताव्यावर उभा राहणारा उद्योग सवलतीचा आहे, असे त्याला कोणी हिणवत नाही. त्याला ‘प्रोत्साहन’ म्हणतात. माणसाला दिले की उपकार आणि भांडवलाला दिले की धोरण, ही भाषाच येथील मूल्यव्यवस्थेचे खरे रूप दाखवते.

कागदांच्या बाबतीतही हाच भेद आहे. उद्योजकाला निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्या एकाच ठिकाणी मिळाव्यात म्हणून राज्याने ‘मैत्री’ ही एक खिडकी उघडली आणि २०२३ मध्ये तिच्यासाठी कायदाही केला. चांगली गोष्ट आहे. पण माझ्या विद्यार्थ्याला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि जात वैधता यांसाठी वेगवेगळ्या खिडक्यांपुढे उभे राहावे लागते. रोवणीच्या दिवसांत त्यासाठी आईची मजुरी बुडते. शिष्यवृत्तीचा हप्ता परीक्षा संपल्यावर येतो, हे मी विद्यार्थी असताना भोगले आहे आणि आता शिक्षक म्हणून पाहतो आहे. गरिबाच्या मुलासाठी एक खिडकी का असू नये?

राज्यांची क्रमवारी लावण्याची पद्धतही तपासली पाहिजे. २०१५ मध्ये केंद्राने ९८ मुद्द्यांच्या आधारे राज्यांचे पहिले मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यात गुजरात पहिले, झारखंड तिसरे, छत्तीसगड चौथे, ओडिशा सातवे आणि महाराष्ट्र आठवे होते. ज्या झारखंड, छत्तीसगड, ओडिशात खाणींसाठी आदिवासींचे मोठे विस्थापन झाले, ती राज्ये वरच्या क्रमांकांत होती. यात आश्चर्य नाही. जमीन वाटप, बांधकाम परवाना, तपासणी, कर नोंदणी हे सारे उद्योजकाला किती सोपे जाते, एवढेच तेथे मोजायचे होते. ग्रामसभेने संमती दिली का, कामगाराला मजुरी किती मिळाली, हे मोजायचे नव्हते. जागतिक बँकेची अशीच देशांची क्रमवारी होती. भारत तिच्यात १४२ वरून ६३ वर आल्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढे आकडेवारीत गैरप्रकार आढळल्याने २०२१ मध्ये बँकेने ती क्रमवारीच बंद केली.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने १९३६ मध्ये शेतीला उद्योगाची जोड देण्याची योजना आखली. नगरपालिकांनी कर्जरोखे काढून कारखान्यांच्या इमारती बांधायच्या आणि उत्तरेकडील कारखानदारांना बोलवायचे, अशी ती योजना होती. स्वस्त आणि संघटना नसलेले मजूर हे तेथे आकर्षण होते. कारखाने आले. परंतु नोकऱ्या प्रामुख्याने गोऱ्यांना मिळाल्या. कापसाच्या मळ्यातला काळा मजूर बहुतांशी मळ्यातच राहिला. उद्योग आला म्हणजे विषमता आपोआप जाते, हा समज तेथे खोटा ठरला.

मग आपण उद्योगाला विरोध करायचा काय? मुळीच नाही. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतधारणांवर लिहिताना शेतीवरील माणसांचा भार कमी करण्यासाठी औद्योगिकीकरणाचाच उपाय सांगितला होता. गाव आणि गावातली जात यांतून सुटण्याची वाट आपल्या माणसांना गिरणीने, रेल्वेने, कारखान्याने दिली आहे. परंतु त्याच बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे मांडले. बेकार माणूस नोकरीसाठी आपले मूलभूत हक्कही सोडायला तयार होतो, हे त्यांनी तेथे स्पष्ट केले आहे. जनसुनावणीच्या मंडपात ज्याला जमीन, जंगल आणि नोकरी यांतून एकाची निवड करायला लावतात, त्याची अवस्था याहून वेगळी नाही.

आपल्या हातात काय आहे? दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही कायद्याच्या चौकटीतल्या आहेत.

पहिली, स्थानिकांच्या रोजगाराची अट. सवलत घेणाऱ्या कारखान्याने एकूण नोकऱ्यांत ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय जागांत ५० टक्के स्थानिक घ्यावेत, असे राज्याचे धोरण आहे. परंतु येथे ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे राहिलेला. या व्याख्येप्रमाणे पुण्याचा अभियंता गोंडपिपरीत स्थानिकच ठरतो. सवलत जर तालुक्याच्या वर्गावरून मिळते, तर स्थानिकही तालुक्यावरून का ठरू नये?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक नाही. महाराष्ट्राचा लोकसेवा आरक्षणाचा २००१ चा अधिनियम २००४ पासून अमलात आहे. त्यातील ‘आस्थापना’ या शब्दाच्या स्पष्टीकरणात केवळ सरकारी कार्यालये नाहीत. सरकारकडून सवलतीच्या दराने जमीन किंवा अन्य आर्थिक सवलत मिळालेल्या उद्योगांचाही तेथे समावेश आहे. म्हणजे खाजगी उद्योगात आरक्षण हवे, ही मागणी आपण नव्याने करीत नाही. या राज्याच्या विधिमंडळाने सवलत आणि आरक्षण यांची सांगड घालून ठेवलेली आहे. तरीही खाजगी कारखान्याच्या भरतीत बिंदुनामावलीचा उल्लेख मी कधी वाचलेला नाही. कायदा पुस्तकात आणि भरती ठेकेदाराच्या हातात, अशी स्थिती आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात जावे. आपल्या जिल्ह्यात कोणाला पात्रता प्रमाणपत्र मिळाले? आजवर किती परतावा दिला? त्या बदल्यात किती माणसे कायम झाली आणि किती कंत्राटावर राहिली? त्यांत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त किती? पर्यवेक्षक किती आणि झाडू मारणारे किती? उत्तरे मिळाली तर ती गावात वाचून दाखवावीत. नाही मिळाली तर अपील करावे.

राज्य उद्योगाला अनुकूल असावे, यात वाद नाही. पण ज्याच्या मागासपणाच्या नावावर सवलत काढली, त्या माणसाला ते राज्य अनुकूल आहे की नाही, हा पहिला निकष असला पाहिजे. तो निकष क्रमवारी लावणारे स्वतःहून घालणार नाहीत. तो आपल्यालाच घालायला लावावा लागेल.