टोंटो तसा काऊन बोलतो?

(एपिसोडचं लेखी रूप, थोडं नीटनेटकं करून)

अमरावती असो, अकोला असो, एसटीत असाल की मेसच्या लाइनीत, कसे आहात? बरे हाय ना?

आज एका जुन्या अमेरिकन सिरीयलची गोष्ट. नाव 'द लोन रेंजर'. पांढरा घोडा, डोळ्यांवर काळा मुखवटा, बंदुकीत चांदीची गोळी. टेक्सासमध्ये सहा रेंजर्सवर दरोडेखोर दबा धरून हल्ला करतात. पाच मरतात, सहावा जखमी पडून राहतो. टोंटो नावाचा आदिवासी त्याला उचलतो, बरा करतो. मग दोघं मिळून गुंडांचा बंदोबस्त करत फिरतात. १९४९ ते १९५७ या काळात एबीसीवर अर्ध्या अर्ध्या तासाचे २२१ भाग झाले. अमेरिकेतली पोरं टीव्हीला चिकटून बसायची.

आता गंमत बघा. 'लोन' म्हणजे एकटा. पण हा गडी तर कायम टोंटोसोबत!

याचं कारण रेडिओ. ही मालिका मुळात १९३३ मध्ये डेट्रॉइटच्या रेडिओवर सुरू झाली. पडद्यावर एकटा माणूस घोड्यावरून चाललाय हे दिसतं. रेडिओवर काय? नुसत्या टापा! त्याच्या मनात काय चाललंय ते ऐकणाऱ्याला कळायला कोणीतरी बोलायला पाहिजे. म्हणून काही भागांनंतर टोंटो आणला. पॉडकास्ट करणाऱ्याला ही अडचण बरोबर समजते.

म्हणजे टोंटो जन्मला तोच दुसऱ्याचं ऐकायला. आणि त्याच्या तोंडी दिली मोडकी इंग्रजी. मराठीत सांगायचं तर 'मी गावात जातो'च्या जागी 'मला गाव जा'. रेडिओवर ते बोलायचा जॉन टॉड नावाचा गोरा नट. टीव्हीवर मात्र जे सिल्व्हरहील्स आले. हे खरे मोहॉक, कॅनडातल्या ओंटारिओचे. स्वतः चांगली इंग्रजी बोलायचे, पण कॅमेऱ्यासमोर मोडकीच बोलावी लागली. त्यात स्पॅनिशमध्ये 'टोंटो'चा अर्थ होतो मूर्ख! म्हणून तिकडे डबिंगमध्ये नाव बदलून 'टोरो' केलं.

आता हे मी तुम्हाले काऊन सांगून राहिलो?

कारण आपलं बघा ना. मराठी सिनेमात, नाटकात 'मले', 'तुले' म्हणणारा माणूस आला की लोक आधीच हसायला तयार. तो बहुतेक वेळा नोकर नाहीतर गावाकडचा पाहुणा. डॉक्टर, वकील, हिरो मात्र पुण्याच्या मराठीत. भारत गणेशपुरेंनी 'चला हवा येऊ द्या'मधून वऱ्हाडी घराघरांत नेली, लोकांनी प्रेमही केलं. पण तिथेही ती आली हसण्याच्याच दारातून.

एक फरक मात्र मोठा आहे. टोंटोची भाषा लेखकांनी खोलीत बसून बनवली होती. कुठली जमात तशी बोलत नव्हती. वऱ्हाडी खरी बोली आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. 'ला'च्या जागी 'ले' ही चूक नाही, नियम आहे. चालू क्रियेसाठी 'करून राहिलो' हासुद्धा नियमच. आणि मराठी गद्यातला आद्य ग्रंथ मानला जाणारा 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात घडला कुठे? आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. मराठी भाषा विद्यापीठ तिथेच झालंय. मग अमरावतीचं पोरगं पुण्यात इंटरव्ह्यूला गेल्यावर 'मले' गिळून काऊन टाकते?

सिल्व्हरहील्स नुसते कुढत बसले नाहीत. १९६०च्या दशकात त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये आदिवासी नटांसाठी अभिनयाची कार्यशाळा काढली. १९७९ मध्ये हॉलिवूडच्या फूटपाथवर त्यांच्या नावाचा तारा बसला.

आपल्याला तर कोणता स्टुडिओही लागत नाही. फोन आहे, माइक आहे. या आठवड्यात एक व्हॉइस नोट पाठवा, पूर्ण वऱ्हाडीत. फक्त एक अट: जोक नको. कपाशीवरची बोंडअळी सांगा, गणित सांगा, आजीचं दुखणं सांगा. पुढच्या भागात ऐकवतो.

चला, भेटू!