एकवीस दिवसांचा कागद

पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं. आज आमच्या भागात पाण्याचा दिवस. टाकी भरेपर्यंत मोटारीपासून हलता येत नाही, म्हणून तोच वेळ मी राजपत्राला देते. पायरीवर बसायचं आणि मोबाइलवर भारताचं राजपत्र उघडायचं. 2015 पासून केंद्र सरकारने राजपत्र कागदावर छापणं थांबवलं, आता जे आहे ते संकेतस्थळावर. माझं काम बहुतेक एकाच कोपऱ्यात असतं : असाधारण, भाग 2, खंड 3, उपखंड (ii). महामार्गासाठी जमीन घेण्याच्या अधिसूचना इथे येतात. जिल्ह्याचं नाव दोनदा टाकून शोधते, एकदा छत्रपती संभाजीनगर आणि एकदा औरंगाबाद. 2023 च्या नामांतराआधीच्या अधिसूचना जुन्या नावानेच पडलेल्या आहेत आणि एकाच रस्त्याचा अर्धा इतिहास अलीकडे, अर्धा पलीकडे असतो.

आधी हिंदी मजकूर, मग इंग्रजी. मराठी नाही.

मी भाषांतरकार आहे. उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात दाखल व्हायचे मराठी कागद, म्हणजे सातबारा, फेरफार, पंचनामे, खरेदीखतं, इंग्रजीत करून देणं हा माझा पोटाचा उद्योग. त्याच्या उलट दिशेचं काम, केंद्राची अधिसूचना ज्याच्यासाठी निघाली त्याला ती मराठीत समजावून देणं, हे मी सकाळ-संध्याकाळ करते. त्याचे पैसे घेत नाही.

आठ वाजता वर्तमानपत्रं येतात. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 मधलं कलम 3क सांगतं की जमीन घेण्याचा इरादा राजपत्रात जाहीर झाला, की त्याचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायचा आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं हवं. तो सारांश येतो, पण हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहीर प्रगटनांशेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी तो कात्रीने कापते, वहीत चिकटवते आणि वर लाल पेनाने दोन तारखा लिहिते. एक राजपत्राची, दुसरी त्यापासून एकविसाव्या दिवसाची. हरकत घ्यायला कलम 3ग मध्ये एकवीस दिवस दिले आहेत आणि ते राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजायचे. वर्तमानपत्र दारात पडतं तेव्हा त्यातले काही दिवस उडालेले असतात. सुरुवातीच्या काळात मी एकदा वर्तमानपत्राच्या तारखेपासून मोजलं आणि एका कुटुंबाची हरकत मुदतीबाहेर गेली. तेव्हापासून लाल पेन.

दहाला दिल्ली गेटजवळच्या टेबलावर जाते. झेरॉक्सच्या दुकानामागची खोली आहे. जिल्हाधिकारी कार्यालय जवळ असल्यामुळे तिथून निघालेली माणसं इकडे वळतात. आज पैठण तालुक्यातले एक काका आधीच बसलेले होते. सोबत पुतण्या, हातात पिशवी, पिशवीत घडी घालून घालून चिरलेला कागद.

“ताई, सगळा कागद पाहिला. आमचं नाव नाही याच्यात. म्हंजे वाचलो ना आपण?”

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा येतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. कारण पहिल्या अधिसूचनेत साधारणपणे मालकाचं नावच नसतं. गावाचं नाव, गट नंबर, जमिनीचा प्रकार, क्षेत्र, एवढंच. नावं पुढच्या टप्प्यावर, कलम 3घ च्या घोषणेत येतात. म्हणजे आपलं नाव दिसेल तेव्हा हरकतीची वेळ संपलेली असते. मी काकांना सातबारा काढायला सांगितला. गट नंबर बोटाने धरला आणि तेच बोट तक्त्यावरून खाली नेलं. सातव्या ओळीवर थांबलं.

तिथे लिहिलं होतं 0.1200.

“बाराशे फूट?” पुतण्याने विचारलं.

बाराशे फूट नाही. हा आकडा हेक्टरमध्ये आहे. एका हेक्टरचे शंभर आर, म्हणजे 0.1200 हेक्टर म्हणजे बारा आर, आपल्या भाषेत जवळजवळ बारा गुंठे. मी पाठकोऱ्या कागदावर त्यांच्या शेताची चतुःसीमा काढायला लावली. काकांनी विहीर दाखवली, मोसंबीच्या ओळी दाखवल्या, रस्ता दाखवला. बारा गुंठे रस्त्याच्या बाजूने कापले तर विहीर कुठे जाते, हे त्यांनी स्वतःच बोटाने पाहिलं आणि काही वेळ गप्प राहिले. कागद समजला म्हणजे काय, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहते.

मग टप्पे सांगितले, एकेक करून. आत्ता हरकत घ्यायची ती जमीन या कामासाठी वापरण्याबद्दल : आखणी थोडी सरकवता येईल का, विहीर वाचेल का, उरलेल्या तुकड्यात जायला वाट राहील का. ती लेखी द्यायची, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, कारणांसह, आणि पोच घ्यायची. “मावेजा कमी आहे” हे इथे लिहून उपयोग नाही, कारण मावेजा अजून ठरलेलाच नाही. त्याची वेळ कलम 3छ मध्ये येते. तेव्हा पुन्हा वर्तमानपत्रात सूचना येईल, दावे मागवतील, तेव्हा झाडं, विहीर, पाइपलाइन, सगळं मांडायचं. संयुक्त मोजणीला मोजणीदार येतील त्या दिवशी कुणीतरी शेतात हजर पाहिजेच. तिथे जी विहीर नोंदली जात नाही, तिच्यासाठी पुढे वर्षानुवर्षं भांडावं लागतं. ठरलेली रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं.

मावेजा हा शब्द मी मुद्दाम वापरते. राजपत्राच्या हिंदीत ‘प्रतिकर’ असतं, मुंबईहून येणाऱ्या कागदात ‘मोबदला’ किंवा ‘नुकसानभरपाई’. मराठवाड्यात जमिनीच्या पैशाला मावेजा म्हणतात. निजामाच्या राज्यातल्या उर्दू कागदांतून आलेला हा शब्द इथल्या तोंडी इतका बसला आहे, की तो उच्चारला की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. जो शब्द ऐकून माणूस पुढे सरकतो तोच शब्द वापरायचा, हे माझ्या कामाचं पहिलं सूत्र.

‘निहित’ या शब्दापाशी मात्र मी थांबते. कलम 3घ ची घोषणा राजपत्रात आली, की जमीन केंद्र सरकारमध्ये “सर्व भारांपासून मुक्त होऊन संपूर्णपणे निहित” होते. हा शब्द ऐकून लोक मान डोलावतात आणि काही कळलेलं नसतं. मी म्हणते, “काका, त्या दिवसापासून जमीन तुमची राहत नाही. पैसे हातात आले नसले तरी राहत नाही.” हे वाक्य कठोर आहे. पण मऊ करून सांगितलं तर ते खोटं होईल.

काकांनी विचारलं, बहिणीलाही सांगावं लागेल का. सातबारावर वारस म्हणून तिचं नाव आहे, तेव्हा हो. कायदा ‘हितबद्ध व्यक्ती’ म्हणतो, म्हणजे त्या जमिनीत ज्याचा हक्क आहे तो प्रत्येक जण, सासरी गेलेल्या लेकीसह.

साडेबाराला वाळूजचा एक मुलगा शिफ्टआधी येऊन गेला. 29 जुने कामगार कायदे मोडून केलेल्या चार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्याने ऐकलं होतं की आता एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळते. ते ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगारासाठी आहे, सगळ्यांसाठी नाही. तू कोणत्या नेमणुकीवर आहेस, ते नियुक्तिपत्रात पाहायला हवं. पत्र घेऊन ये म्हटलं. पत्र त्याला मिळालेलंच नव्हतं. ते मागायचा अर्ज लिहून दिला.

जेवण दोनला. डबा उघडा असतानाच दौलताबादहून किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे एक मामा आले. पावसाळ्याआधी पत्रे बदलायचे म्हणून काम काढलं आणि नोटीस आली. त्यांना वाटलं घर पाडणार. इथे वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, बीबी का मकबरा अशी केंद्र संरक्षित स्मारकं असल्यामुळे हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा झाला आहे. 16 जून 1992 च्या अधिसूचनेने स्मारकाभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे दोनशे मीटर विनियमित ठरवले. 2010 च्या दुरुस्तीने ते स्मारकांच्या कायद्यातच घातलं. अंतर मोजायचं ते संरक्षित हद्दीपासून, समोर दिसणाऱ्या भिंतीपासून नव्हे. शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, वरचा मजलाही नाही. पण 16 जून 1992 पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी घ्यायची. म्हणजे मामांचा गुन्हा घर असण्यात नव्हता, अर्ज न करण्यात होता. घर जुनं असल्याचा पुरावा काय, तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विजेचं बिल. ते म्हणाले, “पावत्या आईच्या ट्रंकेत असतील.” मी म्हटलं, आज घरी गेल्यावर पहिलं काम तेच.

त्या नोटिशीत ‘बांधकाम’, ‘पुनर्बांधकाम’, ‘दुरुस्ती व नूतनीकरण’ हे तीन शब्द एका ओळीत होते. कायद्यात तिन्हींचे अर्थ निराळे आहेत आणि मामांचं छप्पर त्या फरकावर उभं होतं.

चार ते सहा खंडपीठाचं काम. आज 1954 चं खासरा पत्रक आणि त्याला जोडलेली उर्दू नक्कल. उर्दूचं काम दुसरे जाणकार करतात, मी मराठी भाग करते. हे कागद हाताळताना नेहमी वाटतं, या भागातल्या शेतकऱ्याच्या आजोबाचा कागद उर्दूत, नातवाचा इंग्रजीत, आणि मधल्या सगळ्या काळात घरात बोलणं मराठीतच. इथल्या माणसाने कागद नेहमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आहे.

1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरला नावाच्या माणसाच्या खटल्यात सांगितलं, की जो कायदा लोकांपर्यंत प्रसिद्धच झाला नाही त्याखाली शिक्षा देता येत नाही. जयपूर संस्थानातला अफूचा कायदा होता, ठराव करून फायलीत ठेवलेला. न कळणाऱ्या भाषेत प्रसिद्ध झालेल्या कागदाला किती प्रसिद्ध म्हणायचं, हा प्रश्न त्यानंतर सत्तर वर्षांनीही उभा आहे. 2020 मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जूनला हरकतींची मुदत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या सर्व 22 भाषांत त्याचं भाषांतर करायला सांगितलं. केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. केंद्राचं म्हणणं, कायद्याने हिंदी आणि इंग्रजी पुरेशा आहेत. माझं मत स्पष्ट आहे : ज्या कागदावर एकवीस दिवसांची मुदत चालते, तो त्या गावाच्या भाषेत निघाल्याशिवाय ती मुदत सुरूच होऊ नये.

सहानंतर पान लिहिते. नव्या अधिसूचनेसाठी एकच पान, एका बाजूला, मोठ्या अक्षरात. हा कागद कशाबद्दल आहे, कोणती गावं, कोणते गट, शेवटची तारीख, हरकत कुठे द्यायची. तारीख सगळ्यात वर, चौकटीत. कर्मणी वाक्यं मोडून टाकते. ‘हरकती मागविण्यात येत आहेत’ ऐवजी ‘तुमची हरकत असेल तर लिहून द्या’. मात्र एक गोष्ट कधीच करत नाही. सोपं करायच्या नादात ‘परंतु’ गाळत नाही. पहिल्या अधिसूचनेनंतर एका वर्षात घोषणा झाली नाही तर अधिसूचना रद्द होते, हे लोकांना फार आवडतं. त्याच्या खालचं परंतुक सांगतं की न्यायालयाची स्थगिती असेल तर तो काळ मोजायचा नाही. ते लिहिलं नाही, तर माझं पान वाचून कुणीतरी शेतात नवी बोअर घेईल. एवढ्या एका वाक्यासाठी आज पाऊण तास गेला.

साडेआठला पानाचा फोटो पाठवते, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला एक प्रत देते आणि तोच मजकूर दोन मिनिटांत बोलून व्हॉट्सॲपवर टाकते. चावडीपुढे हलगी वाजवून दवंडी दिली जायची, तेव्हा निरक्षर माणसालाही निदान कानाने कळायचं. म्हणून बोलून पाठवते, सावकाश, गट नंबर दोनदा उच्चारून.

नऊला काकांच्या पुतण्याचा फोन आला. काकांचं बहिणीशी बोलणं झालं, ती सही करायला येते आहे. हरकत परवा देणार. लाल पेनाने लिहिलेल्या तारखेला अजून सहा दिवस आहेत.

वाचकांना एकच विनंती. दिल्लीचा, महामार्गाचा, पुरातत्त्वाचा, कसलाही कागद घरी आला, तर नाव शोधू नका, गट नंबर शोधा. कळला नाही तर ज्याला कळतो त्याच्याकडे त्याच दिवशी न्या. आणि पाकीट फाडून टाकू नका. कागद टपालाने कधी आला, हे दाखवणारा शिक्का पाकिटावर असतो.