समुद्राचा फोटो स्पर्धेला पाठवताय? आधी कॅप्शनचा विचार करा

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या मोबाईलमध्ये समुद्राचे शे-दोनशे फोटो पडून आहेत आणि मनात एकच प्रश्न आहे: यातला एखादा स्पर्धेला पाठवू का? पाठवा, नक्की पाठवा. पण त्याआधी दहा मिनिटं माझ्यासोबत थांबा. ऐकायला वेळ नसेल, तर अख्खा भाग इथे लिहून दिलाय.

ही स्पर्धा नेमकी कशाची?

एक खरं उदाहरण घेऊ. जागतिक हवामान संघटना, म्हणजे जिनिव्हातली डब्ल्यूएमओ, आपल्या कॅलेंडरसाठी जगभरातून फोटो मागवते. 23 मार्च 1950 रोजी या संघटनेचा करार अमलात आला, म्हणून 23 मार्च हा जागतिक हवामान दिन. 2021 साली त्या दिवसाचा विषय होता 'समुद्र, आपलं हवामान आणि हवा', आणि त्या वर्षीच्या कॅलेंडरची फोटो स्पर्धाही याच विषयावर होती.

आता गंमत बघा. विषय नुसता 'समुद्र' नाहीये. समुद्र आणि आकाश यांचं जे नातं आहे, ते फोटोत दिसायला हवं. नातं किती घट्ट? समुद्राच्या वरच्या साधारण तीन मीटरच्या थरात जेवढी उष्णता मावते, तेवढी अख्ख्या वातावरणात मावते! आणि आपण हरितगृह वायू सोडून पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकवली, तिच्यातली 90 टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतली आहे.

म्हणजे नुसता सूर्यास्त छान दिसतो, पण विषयात बसत नाही. त्याऐवजी दुपारी किनाऱ्यावर उभं राहा. जमीन लवकर तापते, समुद्र हळू तापतो, म्हणून समुद्राकडून खारे वारे सुटतात. कधी कधी जमिनीवर ढगांची रांग लागते आणि समुद्रावरचं आकाश मात्र मोकळं असतं. ती सीमारेषा एका फ्रेममध्ये पकडलीत, की झाला विषयातला फोटो.

हवा वेगळी, हवामान वेगळं

शाळेतला भूगोल आठवतोय का? हवा म्हणजे आत्ता, या क्षणी बाहेर काय चाललंय ते. हवामान म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. त्यासाठी साधारण 30 वर्षांच्या नोंदी धरतात. बोलताना आपण दोन्हीला 'हवामान'च म्हणतो आणि घोळ तिथेच होतो.

समजा, संरक्षक भिंतीवरून लाट उसळली आणि तुम्ही मस्त फोटो काढलात. खाली लिहिलंत, 'हवामान बदलाचा तडाखा'. पण त्या दिवशी अमावस्या किंवा पौर्णिमा असेल, तर ती उधाणाची भरती असू शकते. ती पूर्वीपासून येतेच आहे. मग हवामान बदल खोटा का? अजिबात नाही. समुद्राची पातळी वाढतेय, हे मोजलेलं आहे. फक्त एका लाटेच्या एका फोटोतून ते सिद्ध होत नाही.

मग फोटोत हवामान दाखवायचं कसं? माझ्या मते सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जोडी. घरातल्या जुन्या अल्बममध्ये किनाऱ्यावरचा फोटो शोधा. त्याच जागी, तशाच भरती-ओहोटीला, त्याच कोनातून आजचा फोटो काढा. वाळू कुठपर्यंत होती, सुरूची झाडं कुठे गेली, बंधारा कधी आला, हे गावातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहा. स्पर्धेत एकच फोटो चालत असेल, तर जुना फोटो हातात धरलेल्या आजोबांचा फोटो काढा, त्यांना विचारून.

खरेपणा का महत्त्वाचा?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर एकामागून एक व्हिडिओ येत होते, आणि त्यातले काही चक्क जुने, दुसऱ्याच देशातले. ज्यांची माणसं श्रीवर्धनला होती, त्यांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! चुकीची तारीख हा किरकोळ तपशील नसतो, तो असा.

आणि तारीख खरी असेल, तर साधा फोटोही मोठं काम करतो. खवळलेला समुद्र उलटा टांगल्यासारखा दिसणारा एक ढग आहे, ॲस्पेरिटास. हौशी लोकांनी त्याचे फोटो पाठवले. फोटोंची तारीख आणि ठिकाण हाताशी होतं, म्हणून अभ्यासकांना त्या वेळची हवा तपासता आली. 2017 मध्ये या ढगाला आंतरराष्ट्रीय मेघ-ॲटलासमध्ये जागा मिळाली.

पाठवण्याआधी एवढं बघा

• मूळ फाईल ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की तो दाबला जातो आणि आतली तारीख-ठिकाणाची माहितीही उडते.
• लेन्स पुसा. खाऱ्या हवेने काचेवर धूसर थर बसतो.
• क्षितिज सरळ धरा. आकाश पांढरं पडत असेल, तर स्क्रीनवर बोट ठेवून उजेड कमी करा.
• रंग थोडे सुधारणं बहुतेक ठिकाणी चालतं. ढग चिकटवणं किंवा एआयने लाट बनवणं, हा स्पर्धेतून बाद होण्याचा रस्ता.
• नियमांमधला हक्कांचा भाग वाचा. कॉपीराइट तुमचाच राहतो का? फोटो कुठे, किती काळ आणि नाव देऊन वापरणार का?
• बंदरावर जाळी विणणाऱ्या काका-मावशींचा फोटो हवाय? आधी विचारा, आणि नंतर त्यांना तो दाखवा.
• पावसाळ्यात खडकांवर उतरू नका. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते बघूनच निघा.

कॅप्शनमध्ये चार गोष्टी हव्यात: ठिकाण, तारीख आणि वेळ, भरती होती की ओहोटी, आणि तुम्ही स्वतः काय पाहिलंत. उगाच भारी शब्द नकोत.

नंबर आला तर आनंदच आहे. नाही आला, तरी तीस वर्षांनी कुणीतरी 'तेव्हा किनारा कुठे होता?' असं विचारेल, तेव्हा तुमच्याकडे तारखेसकट उत्तर असेल. चला तर, गॅलरी उघडा. भेटू पुढच्या भागात!