भिंतीतली धमनी

तलवाडा गावाकडून आलेल्या पेशंटनं तोंड उघडलं की बरेचदा तेच दिसतं. वरच्या दाढा दहा-पंधरा वर्षांपूर्वी काढलेल्या आणि 'एका बाजूनं चावतोय की' म्हणत जागा तशीच मोकळी. दाढ गेली की हाड झिजतं, वरून सायनसची, म्हणजे गालाच्या हाडामागची, हवेची पोकळी खाली उतरते. मध्ये चार-पाच मिलिमीटर हाड उरतं. तेवढ्यात इम्प्लांट ठरत नाही.

यावर तोडगा निघाला अमेरिकेत. हिल्ट टॅटम यांनी 1976 मध्ये तो मांडला, 1980 मध्ये बॉइन आणि जेम्स यांनी छापला. गालाच्या बाजूनं हाडाला खिडकी पाडायची, सायनसचं अस्तर अलगद वर उचलायचं आणि खाली हाडाची भर घालायची. पण त्याच भिंतीतून एक धमनी जाते.

ओपीजीत, म्हणजे जबड्याच्या साध्या एक्स-रेत, ती दिसायची नाही. सगळा जबडा एका सपाट चित्रात येतो, भिंतीची जाडी त्यात हरवते. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, आमच्याकडे नव्हता त्या दिवसांत माझ्या हातून एकदा ती कापली गेली. ऊसतोडीला जाणारे काका होते. मी गॉज दाबून धरलं, काढलं की पुन्हा भळभळ. रक्तात अस्तरच दिसेना. "लय रक्त गेलं का, डॉक्टर?" त्यांनी भूल दिलेल्या जड ओठांनी विचारलं. जिवाला धोका नव्हता, रक्त थांबलंही, पण त्या दिवशी काम तिथंच सोडलं. तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही.

सीबीसीटीचं तंत्र इटलीतून 1998 मध्ये पुढं आलं. 2005 मध्ये एलियन आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन तपासले, तेव्हा धमनीची नळी निम्म्याच सायनसमध्ये दिसली, हाडाच्या कडेपासून सरासरी 16 मिलिमीटरवर. मृतदेहांच्या विच्छेदनात मात्र ती जवळपास प्रत्येकात सापडते. म्हणून स्कॅनमध्ये दिसली नाही, तर ती नाहीच असं मी धरत नाही. स्कॅनमध्ये मुळात रक्तवाहिनी नव्हे, तिनं हाडात पाडलेली खाच दिसते, मोहरीच्या दाण्याएवढी. बारीक धमनी अस्तरालगत गेली, तर खाचही उमटत नाही.

आणि 16 हा आकडा तलवाड्याच्या त्या जबड्यांना लावूच नये. धमनी जागची हलत नाही, झिजणारी कडाच तिच्याकडे चढत जाते. ज्यांनी दाढा सर्वांत आधी गमावल्या, त्यांच्यातच ती खिडकीच्या सर्वांत जवळ येते. स्कॅनसाठी शहरापर्यंतचा एसटीचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्यांनाच सर्वांत जड जाते, हे मला फार खुपतं. तरी मी स्कॅनशिवाय खिडकी पाडत नाही.

आता स्कॅनच्या चिठ्ठीवर नुसतं 'हाडाची उंची' लिहीत नाही. खाली आणखी एक ओळ असते: 'बाहेरच्या भिंतीतली नळी पाहा, कडेपासून अंतर मोजून द्या.' रिपोर्ट आला की पेशंटला स्क्रीनजवळ बोलावून पेन्सिलीच्या टोकानं ती खाच दाखवतो. "एवढुशी?" असं म्हणत ते वाकून पाहतात.