नाक सुबक होईल, पण श्वासाचे काय?

तासा-दोन तासांची शस्त्रक्रिया, आठवड्याभराचे प्लास्टर आणि मग आरशात नवे नाक, असे सोपे चित्र जाहिराती उभे करतात. औसा तालुक्यातील किल्लारीसारख्या गावातून पुणे, मुंबई वा हैदराबाद गाठणाऱ्या तरुण-तरुणींची खरी परीक्षा मात्र घरी परतल्यावर सुरू होते. नाक ही चेहऱ्याची शोभा असली, तरी त्याआधी ती श्वासाची वाट आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना नेमका याचाच विसर पडतो.

पुण्याचा वारसा

नाकाच्या शस्त्रक्रियेशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. इंग्रज फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुणे परिसरातील एका पारंपरिक कारागिराने त्याच्या कपाळाच्या त्वचेतून नवे नाक घडविले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तांत छापला. त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

पुण्याच्या त्या कारागिराने कपाळावरची त्वचा एकदम तोडली नव्हती. दोन भुवयांमधील तिचा देठ त्याने सुमारे २५ दिवस जोडलेला ठेवला, कारण रक्तपुरवठा तुटला तर त्वचा मरते. आजच्या अनेक गुंतागुंतींचे मूळही तेथेच आहे.

धोके कोणते?

सूज येणे, डोळ्यांभोवती काळेनिळे होणे, नाक चोंदणे आणि शेंड्याला बधिरता येणे हे परिणाम बहुतेकांना जाणवतात व हळूहळू ओसरतात. सूज पूर्ण उतरून अंतिम आकार दिसण्यास मात्र वर्षभर लागू शकते. त्वचा जाड असल्यास त्याहून अधिक काळ जातो.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि भुलेची प्रतिक्रिया हे धोके कोणत्याही शस्त्रक्रियेत असतात. नाकाच्या बाबतीत आणखी काही संभवतात. मधल्या पडद्यात रक्त साकळून ते वेळीच काढले नाही, तर कूर्चा कुजून नाक बसते. पडद्याला छिद्र पडल्यास श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि खपल्या धरतात. नाक बारीक करण्याच्या हव्यासात हाड व कूर्चा प्रमाणाबाहेर काढल्यास कडा आत ओढल्या जाऊन श्वासच कोंडतो. उंची वाढविण्यासाठी बसविलेला सिलिकॉनचा तुकडा सरकण्याची वा त्वचा फाडून बाहेर येण्याची भीती असते. बरगडीची कूर्चा वापरल्यास ती कालांतराने वाकू शकते. विविध अभ्यासांनुसार साधारण ५ ते १५ टक्के रुग्णांना दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती पहिलीपेक्षा अवघड असते.

‘सुरीविना नाक’ म्हणून खपविली जाणारी फिलरची इंजेक्शनेही निर्धोक नाहीत. फिलर रक्तवाहिनीत शिरल्यास त्वचा काळी पडून मरते. क्वचित प्रसंगी डोळ्याचा रक्तपुरवठा बंद होऊन कायमचे अंधत्व येते.

घरापासून दवाखान्यापर्यंत

किल्लारीहून लातूर सुमारे ४० किलोमीटर, तर पुणे ३०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तस्राव होऊ शकतो. तो मध्यरात्री सुरू झाल्यास शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसतो. त्यामुळे पहिला आठवडा तरी रुग्णालयाच्या शहरातच काढणे आणि शस्त्रक्रियेचा तपशीलवार कागद जवळ बाळगणे हिताचे. न थांबणारा रक्तस्राव, ताप, एकाएकी वाढलेली वेदना व दोन्ही नाकपुड्या बंद होणे, नाकातून पाण्यासारखा द्रव गळणे किंवा दृष्टीत फरक पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय न करता लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेसारखे मोठे रुग्णालय तातडीने गाठावे.

होकारापूर्वी

डॉक्टरकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. वा डी.एन.बी. पदवी किंवा नाक-कान-घशाच्या शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण आहे का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे का, हे तपासावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये सौंदर्योपचार कार्यशाळा वा चित्रफिती पाहून शिकण्याचे काम नव्हे, असे बजावले होते. श्वास घेण्यात आधीपासून अडचण असल्यास ती सांगावी. धूम्रपान आणि रक्त पातळ करणारी औषधे लपवू नयेत. धूम्रपान सोडावे, औषधे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवावीत. नाकाची वाढ पूर्ण झालेली नसताना, म्हणजे मुलींमध्ये साधारण १५-१६ आणि मुलांमध्ये १७ वर्षांपूर्वी, केवळ सौंदर्यासाठी शस्त्रक्रिया टाळावी.

शेवटचा प्रश्न स्वतःलाच विचारावयाचा आहे. हे नाक आपल्याला खुपते, की पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना? दुसऱ्यांच्या नजरेसाठी नाक बदलले, तरी पुढचे श्वास मात्र स्वतःलाच घ्यावे लागतात.